राणीसाहेबांचा साखरेचा चमचा

मित्रांनो, मला ओळखलंत का? नासपतीच्या लाकडाचा, दोन भागांचा मी एक जुना साचा. इंग्लंडच्या राजवाड्यात, साखरखोलीतल्या फळीवर माझा सारा जन्म गेला.

तिथे मिठाई करणाऱ्या अर्सुलाकाकूच्या वडिलांनी मला कोरलं. राणीसाहेबांचा चांदीचा चमचा समोर ठेवून त्यांनी त्याच्या दांड्यावरच्या राजहंसाचं पीसन् पीस माझ्या पोटात उतरवलं. नाताळ आला की काकू मला बदामाचं तेल चोळायची, माझ्यात साखरेचा लगदा दाबायची आणि बाहेर आलेल्या चमच्यावर वर्ख चढवायची. हा चमचा मेजवानीतल्या सर्वांत वयस्कर पाहुण्याला खाऊ म्हणून मिळे. खरा कुठला नि साखरेचा कुठला, ते भल्याभल्यांना कळत नसे. मला त्याचा केवढा गर्व! तोच गर्व एका वर्षी काकूच्या जिवावर उठला.

त्या वर्षी नाताळच्या बाराव्या, शेवटच्या दिवशी दुपारची पंगत बसली होती. चांदीच्या भांड्यांचे रखवालदार बार्नबीसाहेब राणीसाहेबांचा चमचा मखमली उशीवर मिरवत आले. डाग पडेल म्हणून ते चमच्याला कधी बोटही लावत नसत. राणीसाहेबांनी तो गरम द्राक्षासवात घालून ढवळला, आणि हातात नुसता दांडा उरला!

सगळे खो खो हसले. बार्नबीसाहेब मात्र पांढरेफटक पडले.

"चमचा बदललाय! असले चमचे करतं कोण? ती अर्सुला! आणा तिला!"

भर दरबारात काकूचा एप्रन झाडला. आधी बदामाची सालं पडली, मग खिशातून धप्पकन मी पडलो.

"हा घ्या पुरावा!" बार्नबीसाहेब ओरडले.

राजाघरची चांदी चोरणाऱ्याला फाशी होती, मित्रांनो. मी फरशीवर उताणा पडलो होतो आणि मला बोलता येत नव्हतं. त्या दिवशी मला माझीच कारागिरी नकोशी झाली.

काकूचं डोकं मात्र ठिकाणावर होतं.

"साहेब, नाताळच्या पहिल्या दिवशी दोन्ही चमचे तुमच्याच उशीवर होते ना? खऱ्याला पेटीत घालून कुलूप कुणी लावलं?"

"मी! किल्ली माझ्या कमरेची सुटलेली नाही."

"मग तुमच्या पेटीत साखर निघाली, तर पाहुण्याच्या हातात काय गेलं असेल हो?"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. तिथे सर्वांत वयस्कर पाहुणे, चौऱ्याऐंशी वर्षांचे लॉर्ड ऑस्बर्ट डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या तोंडातून राजहंस बाहेर डोकावत होता!

त्यांनी चमचा काढला. "पोरी, कसली गं ही साखर? बारा दिवस चोखतोय, काही केल्या विरघळत नाही. एकच दात उरला होता, तोही हलायला लागला!"

राणीसाहेबांना हसू आवरेना. "अर्सुला, माग, काय हवं ते माग."

काकूने डोळे पुसले. "राणीसाहेब, माझा एप्रन चारचौघांत झाडला. बार्नबीसाहेबांच्या बाह्याही चारचौघांत झाडाव्यात. दुसरं काही नको."

त्या फुगीर, नक्षीदार बाह्या झाडल्या. साखरेत घोळवलेले बदाम टपाटपा फरशीवर उड्या मारू लागले.

"तरीच!" काकू म्हणाली, "तरीच म्हणते, माझी परात रोज रिकामी कशी होते!"

दरबार पुन्हा हसला, आणि या वेळी काकूही हसली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, आता मला भेगा पडल्यात आणि तेल चोळणारे हात गेले. तुमच्या घरी असा जुना साचा असेल, तर त्याला ओलीत ठेवू नका, अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि एखादी वस्तू दिसेनाशी झाली, तर राबणाऱ्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या बाह्या झाडून बघा.