नमुन्याचा तुकडा

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी विणकराच्या मानेत बोराएवढी गाठ आली. थोरली लेक इस्पितळात नर्स. तिनं त्याला ओढूनच नेलं. डॉक्टरांनी गाठीतला कणभर तुकडा काढला आणि म्हणाले, "टिश्यू तपासायला पाठवतो."

विणकराचे कान टवकारले. जन्मभर तो टिश्यूच विणत आला होता. उभं रेशीम, आडवी जर.

"आमचं कापड ह्यांच्या तोंडी कसं गं?" त्यानं वाटेत विचारलं.

"शब्द विणणाऱ्यांचाच, बाबा. मग कापडाच्या घड्यांत घालायच्या पातळ कागदाला लागला. डॉक्टरांना भिंगाखाली मांसही विणल्यासारखं दिसलं. आपण ऊती म्हणतो, तेही विणण्यावरूनच."

"म्हणजे माल आमचा, दुकान त्यांचं!"

आठवड्यानं थोरली म्हणाली, "साधी गाठ आहे. काळजी नको."

विणकराला पटेना. व्यापाऱ्याला नमुना द्यायचा, तर तो स्वतः ठाणातला सगळ्यात नितळ तुकडा कापायचा. डाग, तुटके धागे मागे राहायचे. डॉक्टरनं तरी वेगळं काय केलं असणार? त्यात मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजायच्या आणि हा दिसला की भांडी वाजवायच्या.

बायको धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्याही सैल भरू लागली होती. मागावर धागा सारखा अडके.

"लक्ष कुठंय तुझं?"

"तुमचा धोटा तरी कुठं सरळ पळतो हल्ली?" ती हसली. चरखा ती डाव्या हातानं फिरवत होती. आपल्या काळजीनंच हिचा हात चालेना, असं त्यानं मनाशी धरलं.

शेवटी एका दुपारी माग थांबवून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"एकदाचं सांगून टाका. माझं किती राहिलंय?"

थोरलीनं तोंड फिरवलं. बायकोनं हात पुसले.

"तुमचं पुष्कळ राहिलंय, अहो. तुमचा तुकडा चांगलाच निघाला. त्याच आठवड्यात माझाही काढला होता. छातीतला. उजवा हात वर होत नाही माझा."

"नमुना चुकला असेल. दुसरीकडून काढायला सांग."

"दोनदा काढला, बाबा."

तो मागावर जाऊन बसला. धोट्यातली कांडी काढून त्यानं अंगठ्यानं दाबली. सैलच होती. त्यानं ती तशीच परत घातली.

विणकराची गाठ अजून बोराएवढीच आहे. त्याची बायको धाकटीच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत, उन्हाळ्याच्या तोंडाशी वारली.