पुतळाच्या दारावरचा नंबर

पुतळाच्या दारावर पिवळ्या रंगात नंबर होता आणि गिरजाबाईच्या दारावर नव्हता. दोघींच्या मधे पत्र्याची एकच भिंत. नंबरवाल्यांना पक्की खोली मिळणार, बाकीच्यांच्या झोपड्या पाडणार, हे तुर्भ्याच्या त्या वस्तीत पोरंटोरंही सांगत.

झोपड्यांची मोजणी होऊन नंबर पडले तेव्हा गिरजाबाई वाशीच्या मार्केटात कांदा निवडत होती. दाराला कुलूप दिसलं की इथं कुणी राहत नाही, असा साहेबलोकांचा हिशेब. पुतळा मात्र घरीच लोळत पडलेली. म्हणजे राबेल ती बेघर आणि लोळेल तिला खोली! गिरजाबाईचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात पुतळा रोज सकाळी तो नंबर ओल्या फडक्यानं पुसायची, देवाची तसबीर पुसावी तसा. जाऊ दे मेला एकदाचा पुसून, असं गिरजाबाईला वाटायचं.

नातवाच्या बारशाला गावी जाताना पुतळानं किल्ली तिच्याच हातात दिली.

"गिरजाक्का, घराकडं ध्यान ठेव गं. तुझ्याबिगर कोन हाय मला?"

त्याच आठवड्यात फेरतपासणीचे साहेब वस्तीत शिरले. त्या दिवशी मार्केट बंद, गिरजाबाई घरी. तिच्या डोक्यात एकदम आलं, पुतळा कायमची गेली म्हणून सांगायचं. आता इथं मीच राहते, नंबर माझा! आपल्या दाराला तिनं कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली, पुतळाचं दार उघडलं आणि उंबऱ्यात ऐसपैस बसली. तिला बरं वाटलं. बरं कसलं, मस्त वाटलं.

साहेब आले. मागे रंगाचा डबा घेतलेला माणूस.

"पुतळा शहाजी तूच का?"

"न्हाई, मी..."

"नाही? मग मार रे फुली. माणूस बदललं की नंबर रद्द."

रंगवाल्यानं ब्रश बुडवला. इतके महिने तो नंबर गिरजाबाईच्या डोळ्यांत सलत होता, पण त्याच्यावर फुली पडताना काही तिला बघवेना.

"अवो, थांबा! मीच की पुतळा!"

साहेबांनी तिला निरखून पाहिलं, रंगवाल्याला हातानंच थांबवलं आणि ते पुढं सरकले.

"हे शेजारचं मागच्या खेपेला बंद होतं. सुटलेल्यांना आज नंबर द्यायचाय. कोण राहतं इथं?"

गिरजाबाईनं आपल्या दारावरच्या कुलपाकडं पाहिलं.

"गिरजाबाई," ती म्हणाली. "लई राबते वो बिचारी. कामाला गेली आसंल."

"आजही कुलूपच. म्हणजे कुणी राहत नाही."

किल्ली कमरेला टोचत होती. पण उठून कुलूप काढलं तर मग पुतळा कोण, हे साहेबांनी विचारलंच असतं. ती बसून राहिली. साहेब गेले.

पुतळा पेढे घेऊन परतली. सगळं वस्तीतून कळलं, तशी थेट पायाच पडली.

"माझं घर राखलंस, अक्का. सख्ख्या बहिनीनंबी केलं नसतं."

मग फडकं ओलं करून ती नंबर पुसायला बसली. पेढा खात गिरजाबाई बघत राहिली. जळफळाट होता तसाच होता. फक्त आता तो बोलून दाखवायची सोय उरली नव्हती.