बॉयलरखोलीची दुसरी शिडी

ओनिझुका आमच्या गोदीत जिने आणि शिड्या बसवायचा. मी रिवेट मारणारा. कोबेत गोदीच्या बैठ्या घरांत आमची भिंतीला भिंत होती.

त्या वर्षी आम्ही एक प्रवासी बोट बांधत होतो. मोठं जेवणघर, त्यात उतरणारा रुंद जिना. जिन्याचा कठडा ओनिझुकाने आठ दिवस घासला होता. बोट पाण्यात उतरण्याआधीच आरमाराने ती युद्धासाठी ताब्यात घेतली. जिना उखडला, जेवणघर गेलं आणि वर विमानं उतरण्यासाठी सपाट डेक चढवायचं ठरलं.

नवे नकाशे आले, तसा ओनिझुका अस्वस्थ झाला. बॉयलरच्या खोलीतून वर यायला आधी दोन शिड्या होत्या. आता डावीकडची काढून तिथून विमानांच्या पेट्रोलचा नळ नेला होता. तो मला घेऊन आरमाराच्या लेफ्टनंटकडे गेला.

"साहेब, खाली चाळीस माणसं असणार. एकच वाट पुरायची नाही."

"दुसरी बसवायला किती दिवस लागतील?"

"नळ फिरवावा लागेल. तीन आठवडे."

"माझ्याकडे तीन दिवसही नाहीत," लेफ्टनंट म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचेही डोळे जागून लाल झाले होते.

बाहेर आल्यावर आमचा मुकादम मुरोई ओनिझुकाला म्हणाला, "काय, आता आरमाराला शिकवणार का तू? नकाशात आहे तेवढं बसव."

ओनिझुकाने डावीकडची शिडी स्वतःच्या हाताने कापली.

दीड वर्षाने ती बोट दुरुस्तीला आली. खाली उतरलो तर कोळशासारखा काळा झालेला एक पोरगेला खलाशी ओनिझुकासमोर येऊन उभा राहिला. तो त्याचा मुलगा शिगेमी होता. बोटीचं नाव पत्रात लिहायची बंदी, त्यामुळे तो कुठे आहे हे घरी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"कुठे असतोस तू?" ओनिझुकाने विचारलं.

"बॉयलरवर, बाबा. एकदम तळाला."

ओनिझुकाने उरलेल्या एकुलत्या शिडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "डोळे मीट."

"काय?"

"मीट म्हणतो ना. दिवे गेलेत असं समज. इथून वरपर्यंत चालत जा. हात उजवीकडे ठेव."

"बाबा, लोक हसतायत."

"हसू देत."

सहा वेळा त्याने पोराला वरखाली करायला लावलं. दोनतीन खलाशी खरंच हसत होते. सातव्या वेळी मात्र तेही डोळे मिटून शिगेमीच्या मागोमाग चढू लागले. चौथ्या पायरीवर एक जण घसरला, त्याबरोबर मागचे सगळे अडकले. ओनिझुका खाली उभा राहून ते बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लेफ्टनंटला शोधत गेला. त्याची बदली झाली होती. मुरोईकडे गेला. मुरोईने यावेळी टोमणा मारला नाही. "माझा भाचाही समुद्रावरच आहे रे," एवढंच म्हणाला. पाचव्या दिवशी बोट निघाली. आईला भेटायची सुट्टी शिगेमीला मिळाली नाही. तिने, म्हणजे तोमेवहिनींनी, दिलेली उकडलेली रताळी ओनिझुकाने तेवढी त्याच्या हातात ठेवली.

पुढच्या शरद ऋतूत ओनिझुकाच्या घरी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी आली. आत अस्थी नव्हत्या, नुसता एक कागद होता आणि त्यावर शिगेमीचं नाव. बोट कुठे बुडाली, कशी बुडाली, कोणी वाचलं का, काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती. ती बोट बुडाली हेच मुळी कोणी बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वहिनी पेटीसमोर बसल्या होत्या.

"इवासेभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्हीच बांधलीत ना ती बोट. पोराला वर यायला वेळ मिळाला असेल?"

मी ओनिझुकाकडे पाहिलं. तो कामावर जायला पायाला पट्ट्या गुंडाळत होता.

"मिळाला असेल, वहिनी," मी म्हणालो.

"मग वर आल्यावर तरी कोणी दिसलं असेल त्याला. तो एकटा नसेल."

"नाही. एकटा नसेल."

ओनिझुकाने जेवणाचा डबा उचलला. गोदीत आणखी एक प्रवासी बोट आली होती, तिचंही जेवणघर त्या दिवशी उखडायचं होतं. आम्ही दोघं कामावर निघालो.