भांग म्हणजे कोणती

अश्लेषा पिंगळेचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. पाचूबंदरच्या एका बर्फ कारखान्यातली यंत्रं सॉफ्टवेअरवर चालत. त्या सॉफ्टवेअरची सेटिंग्ज आता माणसाऐवजी एआय एजंट बदलणार होता, आणि त्या एजंटने वाचायचं माहितीपत्रक तिने लिहायचं होतं. माणसासाठी लिहिताना 'गरजेनुसार' एवढा शब्द टाकला की भागतं, वाचणारा आपल्या अकलेने घेतो. एजंट लिहिलंय तेच करतो. म्हणून प्रत्येक सेटिंगपुढे सगळं फोडून लिहायचं: अर्थ काय, कधी चालू, कधी बंद, आणि शेवटच्या रकान्यात, ही माहिती कोणी दिली.

सेटिंग्ज एकूण त्रेचाळीस. त्यांची नावं बारा वर्षांपूर्वी कारखान्याचे ऑपरेटर गॉडफ्रे यांनी तोंडाला आली तशी ठेवलेली. अश्लेषा मूळची मिरजेची, राहायला विरारला चंदनसारमध्ये, आणि समुद्राशी तिचा संबंध कधीमधी जवळच्या कळंब किनाऱ्यावर पाय भिजवण्यापुरता. फ्लॅटमध्ये बसून ती कोळ्यांच्या बोटींना लागणाऱ्या बर्फाबद्दल लिहीत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते दुसरं काय असतं? अडलं की ती गॉडफ्रे अंकलना फोन करी. ते दोन शब्दांत उत्तर देत आणि फोन ठेवत. त्यांचंही काही चुकत नव्हतं. एजंट नीट चालायला लागला की ऑपरेटरला पगार कशाला द्यायचा, असं मालक जितेंद्र सर त्यांच्यादेखत बोलून गेले होते.

सतराव्या ओळीत सेटिंग होती 'भांग'. ती चालू केली की निम्म्याहून जास्त यंत्रं थांबत.

"अंकल, ही भांग म्हणजे होळीची ना? सुट्टीसाठी?" तिने फोनवर विचारलं.

गॉडफ्रे हसले. "हां, तीच."

तिने लिहून टाकलं: होळीच्या आदल्या दिवसापासून दोन दिवस चालू, एरवी बंद. माहिती देणार: गॉडफ्रे. एका शितावरून तिने भाताची परीक्षा केली आणि अठराव्या ओळीला हात घातला.

होळीच्या आठवड्यात कारखाना एजंटच्या हाती दिला गेला, आणि त्याने आज्ञाधारकपणे आदल्या दिवशी दुपारी, गॉडफ्रे घरी जाताच, यंत्रं थांबवली. सकाळी गॉडफ्रे येऊन बघतात तर कारखाना गप्प. त्यांनी यंत्रं हाताने चालू केली, पण बर्फाच्या लाद्या काही तासाभरात गोठत नाहीत. हिंदू कोळ्यांच्या बोटी सणासाठी किनाऱ्याला लागलेल्या असल्या, तरी ख्रिस्ती कोळ्यांचा उपवासकाळ सुरू होता. घरोघर मटण बंद, त्यामुळे मासळीला मागणी. नऊ बोटी बर्फासाठी उभ्या होत्या आणि बर्फ पुरला चार बोटींना. बाकीच्या पाच गेल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी जितेंद्र सरांनी दोघांनाही ऑफिसात बोलावलं. टेबलावर पत्रकाचा छापील कागद होता.

"अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काही येत नाही, बोटी घरी राहतात. ती भांग," ते म्हणाले. "होळी म्हणजे पौर्णिमा, भर उधाण. नेमकं उलटं. हे मला काल कार्मिनबाईंनी रस्त्यात उभं करून शिकवलं, त्यांची बोट राहिली म्हणून." मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे नाव गॉडफ्रेंचं आहे. मुद्दाम चुकीचं सांगितलंत तुम्ही, गॉडफ्रे. उद्यापासून येऊ नका."

गॉडफ्रे खाली बघत राहिले. अश्लेषाला कायम करण्याचं पत्र याच महिन्यात मिळायचं होतं, आणि गप्प बसलं तर ते मिळणार होतं. पण एकसष्ट वर्षांचा माणूस आपल्या एका ओळीपायी घरी जातोय, हे तिला बघवेना.

"सर, त्यांनी काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "अर्थ मीच ठरवला आणि त्यांच्याकडून फक्त हो म्हणवून घेतलं. प्रश्नातच उत्तर घालून विचारलं की कोणीही हो म्हणतं. त्या रकान्यात माझं नाव हवं."

जितेंद्र सरांनी कागदावरचं गॉडफ्रेंचं नाव खोडलं. "मग गॉडफ्रे राहतील," ते म्हणाले. "तुम्ही पत्रक दुरुस्त करून द्या. त्यानंतर तुमचं काम संपलं."

दोघं बाहेर आले. बर्फ फोडायच्या यंत्राजवळ गॉडफ्रे थांबले.

"बाय, मी हसलो ना, तवा मला ठाव होतं तू काय लिवनार ते."

"म्हणजे?"

"म्हटलं, एकदा मशीन तोंडावर पडू दे. मंग माझी गरज कलंल. बोटी राहतील हे नाय आलं ध्यानात." त्यांनी कपाळ पुसलं. "नि तू आत माझ्यासाठी खोटं बोललीस."

"मी खोटं नाही बोलले," अश्लेषा संतापाने म्हणाली. "मला खरंच तसं वाटत होतं."

गॉडफ्रेंनी एक स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः उभेच राहिले.

"आत जातो नि सरांना सांगतो, चूक माझी. जे व्हायचं ते होईल. पन आधी तुझी वही काढ," ते म्हणाले. "अजून तीन ठिकानी मी असाच हसलोय."