हिरवी फीत
हृदयविकाराच्या संशोधनाला पैसे जमवायचे म्हणून धावायचं आणि चालायचं ठरलं होतं. या वयात मी कसली धावतेय! चालणाऱ्यांत नाव दिलं. टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काकू, कुणासाठी चालताय?" "आमच्या ह्यांच्यासाठी," म्हटलं. पुढचं बोलायच्या आत तिने मनगटाला हिरवी फीत बांधलीसुद्धा. हिरवी म्हणजे माणूस उपचार घेतोय. गेलेल्यांसाठी पांढरी होती, मला ती हवी होती. पण बदलून घ्यावी, तर मागे ही एवढी रांग!

तलावाला वळसा घालताना एक नर्स माझ्या बरोबरीने चालायला लागली. फीत बघून म्हणाली, "कसे आहेत आता मिस्टर?"

हे गेले त्याला वर्ष झालं. तेव्हापासून ह्यांच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. मुलगी फोनवर हवापाण्याचं बोलते, आमच्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाईक पँटच्या उंचीचं. जखमेवर मीठ नको म्हणे. अहो, जखम माझी, मीठ माझं, तुमचं काय जातंय?

"बरे आहेत," मी म्हटलं.

मग काय विचारता, तोंडाचा पट्टाच सुटला. जेवणातलं मीठ कमी केल्यापासून तोंड कसं एरंडेल प्यायल्यासारखं करतात. गोळी गालात धरून ठेवतात आणि मी वळले की थुंकतात. शिलाई मशीनला तेल मी घालायचं, आणि कुरकुर मात्र ह्यांनी करायची.

"लबाड आहेत हो!" नर्स हसत म्हणाली.

"एक नंबरचे!"

इतकं बरं वाटलं मला, लाज वाटावी इतकं. हे चालणं संपूच नये म्हणून गुडघ्याचं निमित्त करून मी पाय आणखी हळू टाकले. तरी संपलंच.

नर्सने पाणी आणून दिलं. "घ्यायला येतील ना? थांबते मी. गोळीवरून चांगले दोन शब्द सुनावते."

खरं सांगितलं, तर हीसुद्धा मान खाली घालून गप्प होणार, बाकीच्यांसारखी.

"येतील," मी म्हटलं.

आम्ही कट्ट्यावर बसलो. खुर्च्या उचलल्या गेल्या, माणसं पांगली. ती सारखी घड्याळ बघायला लागली.

"ह्यांचं नेहमीचंच आहे," मी म्हटलं. "वेळ पाळतील तर शपथ. तुम्ही व्हा पुढे."

"सांगा त्यांना, मी रागावलेय म्हणून," म्हणाली आणि गेली.

आता उठायला काय हरकत होती? पण मी तिथेच बसून राहिले, आणि खरंच ह्यांच्यावर चिडले. किती उशीर करावा माणसाने!