बागेकडची खोली

पलंगावर वाफेची इस्त्री फिरवता फिरवता उशीबाईनं मान वर केली आणि खेकसली, "उस्ताद, आरशात तुमचं टक्कल चमकतंय. खाली बसा!"

तो कॅमेऱ्यामागे होता तसाच मटकन गुडघ्यांवर बसला. आरशातून टक्कल गेलं, कॅमेरा तेवढा उरला. तो नंतर कॉम्प्युटरवर पुसता येणार होता.

उशीबाई हे काही तिचं नाव नव्हे. ती खोल्या सजवायची, म्हणजे फोटोपुरत्या. प्रत्येक उशीच्या डोक्यावर तळहाताच्या कडेनं ती असा एक फटका हाणायची, की उशीला बरोबर मधोमध खळगा पडायचा, आणि मग म्हणायची, "आता कशी श्रीमंताघरची दिसते!" दोघं मिळून हॉटेलांच्या खोल्या करत गावोगाव फिरायची, आणि पंचतारांकितच्या खाली उतरायची नाहीत.

आजची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावरची होती. खोलीतलं टेबल फोटोत अडचण करत होतं, म्हणून त्याची रवानगी बाहेर खोल्यांमधल्या बोळात झाली होती. खुर्ची जिथं ठेवली होती तिथं कुणी खरोखर बसलं असतं, तर त्याचे गुडघे पलंगावर आपटले असते. सफरचंदांना तेल चोळून झालं होतं, दिव्यांच्या वायरी गालिच्याखाली गेल्या होत्या. आता फक्त थांबायचं होतं. बाहेरचं आभाळ आणि आतले दिवे एकाच तेजाचे होतात अशी थोडीशी वेळ संध्याकाळी मिळते. ती साधली तर खिडकी पांढरीफटक पडत नाही आणि खोलीही काळवंडत नाही. चुकली तर पुन्हा उद्या.

नेमका तेव्हाच फोन थरथरला.

"छोट्या, फोटो बघितलेस का?" ताई होती. पन्नाशी आली, केस गेले, कमरेत चमक भरायला लागली, तरी ताईच्या लेखी तो छोट्याच.

"कसले फोटो?"

"अरे, दुपारी पाठवलेत की! आईच्या जागेचे. बघ आणि लगेच सांग, त्यांना आज कळवायचंय. नशीब म्हणायचं आपलं, कालच एक खोली रिकामी झाली."

त्यानं फोन कानापासून काढला आणि फोटो उघडला. खोली, पलंग, आरामखुर्ची. मोठी थोरली खिडकी आणि खिडकीत बाग. हिरवळीवर एक डेरेदार झाड पसरलेलं.

फोटो त्याचाच होता.

याच हॉटेलच्या मालकाची ती इमारत, शहराच्या पार टोकाला. म्हाताऱ्या माणसांना ठेवायची सोय. मागच्या उन्हाळ्यात मालक म्हणाला होता, "एवढ्याशा कामाला दुसरा माणूस कुठं शोधू? हॉटेलसारखं दिसू दे, बस!" अशा माणसाला नाही म्हणून चालत नाही. तो एकटाच गेला. उशीबाईला न्यावं इतकं काम नव्हतं.

खोली इतकी लहान, की कॅमेरा लावायला त्याला बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर चढावं लागलं. वाइड लेन्सनं भिंती दूर ढकलल्या, पलंग ऐसपैस केला. खिडकी उघडली, तर समोर दोन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. तिच्यावर एसीची यंत्रं घरघरत होती आणि एक पाइप गळत होता. त्यानं त्या फटीत पांढरा कपडा सोडला, त्यावर फ्लॅश मारला आणि खोलीत असं काही ऊन आणलं, की तिथल्या नर्सबाई तोंडावर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या. मग घरी बसून त्यानं खिडकीच्या पांढऱ्या चौकोनात या हॉटेलची बाग बसवली. चोख काम. सांधा म्हणून कुठं दिसायचा नाही.

त्या खोलीत एक आजी राहायच्या. फोटो काढायला येणार म्हटल्यावर त्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते, केस चापूनचोपून विंचरले होते, आणि त्या आरामखुर्चीत ताठ बसून वाट बघत होत्या. "आजी, फोटोत माणसं नकोत हो," असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला होता. बिचाऱ्या मुकाट्यानं उठल्या. औषधांचा डबा मांडीवर घेऊन काम संपेपर्यंत बोळात बसून राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी दारातून डोकावून विचारलं, "पाठमोरीसुद्धा नको?" तेव्हा त्याला हसू आलं होतं. आता ते आठवलं, आणि काल रिकामी झालेली खोली कुणाची, हे ताईला विचारायचं काही त्याचं धाडस होईना.

"छोट्या? आहेस ना रे?"

"आहे."

"मग? कशी वाटली?"

"एवढी घाई कशाला करतेस? अजून एकदोन जागा बघू की."

झालं! ताईचा बांधच फुटला.

"घाई? बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे आणि तू मला घाई म्हणतोस? ह्यांना झटका आल्यापासून एक रात्र सलग झोपले नाही मी. ह्यांना उचलायचं, मग आईला उचलायचं. परवा दोघं एकदम पडली. एकदम! कुणाकडे आधी धावू? नवऱ्याकडे धावले. आणि आई जमिनीवर पडल्या पडल्या म्हणते कशी, तू त्यांचं बघ, मी इथं मजेत आहे." तिचा आवाज चिरला. "मला काय हौस आलीय का रे, आईला बाहेर ठेवायची?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

"मग तू ठेवतोस? सांग. ठेवतोस?"

त्याचं घर म्हणजे दोन बॅगा आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या कॅमेऱ्याच्या तिपाया. महिन्यातले निम्मे दिवस तो दुसऱ्यांच्या खोल्यांत असायचा. बायको कधीच कंटाळून निघून गेली होती. आई आली, की फिरणं बंद, म्हणजे हे काम बंद, आणि याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याला भीती वाटायची. आईचं म्हातारपण जवळून बघायची भीती. हे तो कुणाजवळ बोलला नसता, आणि मनातसुद्धा फार वेळ टिकू देत नसे.

"बघितलंस?" ताई म्हणाली. तिचा राग ओसरला होता, नुसता थकवा उरला होता. "तुला दोष नाही देत मी. तुझ्या धंद्यात नाही जमायचं ते. पण निदान ही जागा तरी बरी आहे असं म्हण. केवढी खिडकी आहे, बाग आहे. आईला हीच आवडली. बाकीच्या सगळ्यांना नको नको म्हणत होती. तुला ह्यातलं कळतं, म्हणून विचारतेय. बरी आहे ना?"

"उस्ताद! आभाळ चाललं!" उशीबाईनं टाळ्या पिटल्या.

खिडकीबाहेरचा निळा रंग गडद होत होता आणि आतले दिवे त्याच्याशी बरोबर जुळले होते. त्यानं फोन खांद्यात दाबून धरला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"छोट्या, बोल ना रे."

"बरी आहे," तो म्हणाला.

फोटो मनासारखा आला. उशीबाई तो बघायला म्हणून आली, आणि बघता बघता तिची नजर शेजारी उघड्या पडलेल्या फोनवर गेली. ती खो खो हसत सुटली.

"अगंबाई, हे तर खालचं झाड! आपल्या स्विमिंग पूलजवळचं. कुठं नेऊन लावलंत हो हे?"

"होतं एक काम."

"आणि आता कुणाच्या गळ्यात मारताय?"

"आईच्या."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मग सांगा ना त्यांना. आत्ताच्या आत्ता सांगा."

"सांगतो रात्री. निवांत."

ती तेलकट सफरचंदं एकेक करून पिशवीत टाकत राहिली.

रात्री त्यानं फोन केला नाही. त्या आठवड्यात समुद्रकाठच्या एका हॉटेलचं काम निघालं. ते पुढं ढकलता आलं असतं, पण त्यानं ढकललं नाही, आणि आईला ताईनं एकटीनंच नेऊन सोडलं. नंतर त्यानं चाचरत विचारलं, कशी आहे खोली? तर ताई म्हणाली, "जराशी लहान वाटली. पण मला धड बघवलंच नाही रे. पडदा ओढलेला होता, उघडायला गेले तर आई म्हणाली असू दे, डोळ्यांवर येतं. तिथं मी हसत होते, आणि गाडीत बसल्यावर असं रडू आलं म्हणून सांगू."

त्यानंतर तो आज जाईन, उद्या जाईन करत राहिला. शेवटी एका रविवारी उठला आणि निघाला. वाटेत गाडी चालवताना त्यानं मनाशी वाक्यं जुळवली. आई, ती बाग खोटी आहे. मीच चिकटवली होती. बॅग आवर, माझ्याकडे चल, पुढचं पुढं बघू. गाडीत बसून हे सगळं अगदी सोपं वाटत होतं.

खोलीत फिनेलचा वास कोंडला होता. पलंग आणि आरामखुर्ची यांच्यामधून त्याला अंग चोरून आडवं सरकावं लागलं. आई पलंगाच्या कडेवर बसली होती. आणखी वाळली होती. त्याला बघून तिचा चेहरा असा काही फुलला, की त्याला कुठं तोंड लपवावं असं झालं.

"जेवून आलास का?"

"हो. इथलं जेवण कसं आहे?"

"गरम असतं," आई म्हणाली.

त्यानं खिडकीपाशी जाऊन पडदा सरकवला. भिंत होती तिथंच होती. पाइप अजून गळत होता, आणि भिंतीवर त्याचा हिरवट ओघळ आता चांगला रुंद झाला होता.

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक. दार लोटून घे." आईनं आवाज खाली आणला. "ताईला यातलं एक अक्षर बोलू नकोस. ती आधीच अर्धी झालीय. म्हणून तर तिला मी पडदा उघडू दिला नाही. छोट्या, आपल्याला फसवलंय."

तो खुर्चीत बसला. "कुणी?"

"या इथल्या लोकांनी! ही ती खोली नाही. बागेकडची दुसऱ्या कुणाच्या तरी घशात घातली आणि मला आणून टाकलं या भिंतीपाशी. बाग कुठल्या बाजूला आहे म्हणून विचारलं, तर नर्सबाई नुसती हसते. मी भांडले नाही. म्हटलं, छोट्याला येऊ दे. त्यानं स्वतः बघितलीय ती खोली."

"मी?"

"आता आणखी लपवू नकोस." आई चक्क लाजल्यासारखी हसली. "ताईनं पाचसहा जागा दाखवल्या. माझं मन कशावरच बसेना. मग ही आली. बघते तर काय, पलंगावर माझी पिवळी चादर! लोकरीचे चौकोन जोडून केलेली, तुला गाडीत पाय झाकायला दिली होती ती. ताईचं लक्षच नव्हतं. मी चष्मा लावून नीट बघितली. एक चौकोन माझ्या हातून उलटा जोडला गेलाय, तोसुद्धा दिसला."

पांढऱ्या पलंगावर काहीतरी पिवळं हवं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर ते होतं. त्यानं रंग उचलून आणला होता आणि काम झाल्यावर परत गाडीत फेकला होता. तो कुणी विणला होता, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"म्हटलं, म्हणजे हा आधीच येऊन बघून गेलाय. मला इथं कसं वाटेल, ते माझी चादर घालून बघून गेलाय." आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला तोंडानं बोलायला जड जातं, ते काय मला ठाऊक नाही? आईला सांगायचं कसं, जा म्हणून! म्हणून मीच लगेच हो म्हणून टाकलं. तू पसंत केलेली नसती, तर मी कशाला हलले असते ताईकडून?"

वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला सापडेना. बाहेरचं यंत्र धडधडून सुरू झालं आणि खिडकीची काच बारीक थरथरू लागली.

"तू काय सांगणार होतास?"

"काही नाही," तो म्हणाला.

"मग ऊठ. मी नुसती तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसले होते." आईनं पायानं चाचपून चपला शोधल्या, काठी घेतली, हातानंच केस सारखे केले. त्याच्या कोपराचा आधार घेत ती दारापर्यंत आली आणि तिनंच दार उघडलं. बोळाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं बंद दारं होती.

"चल," आई म्हणाली. "तू पुढं हो. तुला माहीत आहे कुठली ते."