तुम्ही व्हा पुढे

पडद्यावर चौघी शाळकरी मुली पुलावरून सुसाट धावत होत्या आणि सगळ्यांत पुढे होती टकटक. खुर्चीतली खरी टकटक मात्र नुसती चुळबुळत होती. तिने पायाचा लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर पुढच्या खुर्चीखाली सारला, मग परत ओढून घेतला, तरी जिवाला चैन पडेना.

"मावशी, तू अशी धावायचीस?" भाचीने कानाशी येऊन विचारलं.

"गप बस. बघ सिनेमा."

ही बाई बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. आवाज अख्ख्या गावाला पाठ, चेहरा कुणाच्याच ओळखीचा नाही, आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. पण वर्गातली मैत्रीण दिग्दर्शक झाली, आपल्या चौघींवर सिनेमा काढतेय म्हणाली, तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. एकदा तरी लोक आपल्याला अख्खं बघतील, असं तिला वाटलं होतं. भाचीला मुद्दाम आणलं होतं ते त्यासाठीच.

टकटक हे नाव पडलं ते कॅलिपरच्या आवाजावरून. सिनेमातली टकटक दिवसभर तोंडाची टकळी चालवते म्हणून टकटक. पाय दोन्ही धडधाकट.

आणि त्या पुलावरून चौघी कधी धावल्याच नव्हत्या. शाळेची घंटा ऐकू आली की ही रोज म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." बाकीच्या तिघी रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि तिच्या चालीने चालायच्या. मग चौघींना उशीर, चौघी वर्गाबाहेर. "आली वरात!" म्हणून बाई करवादायच्या आणि या चौघी भिंतीला टेकून हसू दाबायच्या. तिच्या बालपणातलं सगळ्यांत मोठं सुख तेच होतं.

सिनेमा संपला. भाची गाडी बघायला बाहेर पळाली. कौतुक करणाऱ्यांचा गराडा बाजूला सारून मैत्रीण आली आणि तिने टकटकला मिठीच मारली.

"बोल ना, कसा वाटला?"

"सगळ्या आल्यात गं. आपली काळी आली, जाडी आली."

"हो ना! लोक त्याचंच कौतुक करताहेत. सगळ्या तऱ्हेच्या मुली दिसल्या म्हणे."

"मी कुठे दिसले?"

मैत्रिणीचा चेहरा उतरला. "अगं, तसं करून बघितलं होतं. पण चालण्यातच फार वेळ जायचा, प्रसंग रेंगाळायचा. मग म्हटलं, निदान सिनेमात तरी तुला धावू द्यावं. वाटलं, तुला आवडेल."

"मला कुठे धावायचं होतं?" माइकवर कधी न अडखळलेला तिचा आवाज अडखळला. "तुम्ही थांबायचात. ते दाखवायचंस ना."

 मैत्रिणीने टकटकचा हात धरला आणि दोघी लांबलचक व्हरांड्यातून निघाल्या. मैत्रीण जपून पावलं टाकत होती, पण तिच्या पायांना ती जुनी चाल काही आठवेना. दोन पावलं पुढे जायची, ओशाळून थांबायची, की पुन्हा पुढे. तेवढ्यात दारातून कुणीतरी तिला फोटोसाठी हाक मारली.

"तू हो पुढे," टकटक सवयीने म्हणाली, "मी येते."

"बरं," म्हणाली मैत्रीण आणि खरंच गेली.

टकटक आपल्या चालीने व्हरांडा संपवू लागली.